पिवळ्या दिव्याची जबानी

ज्या गावाचे नशीब पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेच्या चाकाशी बांधले गेले आहे, त्या भुसावळात चाक घसरणे म्हणजे काय हे कोणाला शिकवावे लागत नाही. ब्रेक आवळल्यावर फिरायचे सोडून रुळावर नुसते घासत गेलेले चाक एका जागी सपाट होते आणि मग तो डबा ठोके देत फलाटावरून जातो. चढावर जड मालगाडी ओढताना इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागली, तर चालक रुळावर वाळू सोडतो. चाकाने अडू नये आणि व्यर्थ फिरूही नये, या दोन जुन्या विवंचनांपैकी पहिलीवर एलएचबी डब्यांत जो उपाय योजलेला आहे, म्हणजे आसाच्या टोकाशी दातेरी चकती आणि तिचे दाते मोजणारा सेन्सर, त्याचेच लहानसे रूप आपल्या अंगणातील मोटारीच्या चारही चाकांत बसलेले असते.

बॉश कंपनीने घडविलेली ही इलेक्ट्रॉनिक रचना, म्हणजे चाक अडू न देणारी ब्रेकची यंत्रणा एबीएस, १९७८ साली मर्सिडीजच्या मोटारींत आली, आणि आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. प्रत्येक सेन्सर आपल्या चाकाची गती संगणकाला अखंड कळवीत असतो. जोराने ब्रेक दाबल्यावर तीन चाके फिरत असता चौथे एकाएकी अडू लागले, तर संगणक झडपा उघडून त्या एकाच चाकावरचा ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर सोडतो व पुन्हा भरतो, आणि हे एका सेकंदात अनेक वेळा घडते. पायाखालचे पेडल तेव्हा थरथरते; त्या थरथरीला भिऊन पाय उचलणे ही मोठी चूक होय, कारण ती यंत्रणा काम करीत असल्याची खूण आहे. ट्रॅक्शन कंट्रोल याच चार साक्षीदारांवर विसंबून उलट बाजूचा बंदोबस्त करते: चिखलात एखादे चाक भरमसाट फिरू लागले की इंजिनाचा जोर कमी करते किंवा त्या चाकाला ब्रेक लावते. साहजिकच एक साक्षीदार मुका झाला की डॅशबोर्डवरचे एबीएस आणि ट्रॅक्शनचे दोन्ही दिवे बरोबरच पेटतात, आणि गाडीवर दुहेरी संकट कोसळले असे मालकाला वाटते.

किल्ली फिरवताच हे दिवे काही सेकंद लागून मालवतात. ती यंत्राची स्वतःचीच हजेरी असते. नंतरही पिवळा एबीएसचा दिवा राहिला, तर नेहमीचा ब्रेक लागतो, फक्त चाक अडू न देण्याची हमी उरत नाही. अशी गाडी बेताने हाकीत गॅरेजपर्यंत नेता येते. ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकत असेल तर यंत्रणा आपले काम करीत आहे असे समजावे. स्थिर असेल तर ती बंद केलेली किंवा बिघडलेली आहे. परंतु त्यांच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवा पेटला, तर रस्त्याच्या कडेला थांबून आधी ब्रेक ऑइलची पातळी पाहावी आणि गाडी पुढे हाकू नये. या बाबतीत मी कोणालाही सवलत देणार नाही.

तपासाचा आरंभ स्टिअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनर लावण्याने होतो, आणि बहुतेक घोटाळेही तेथेच जन्म घेतात. समजा, सी-००३५ असा कोड आला. त्याचा अर्थ पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरच्या सर्किटात दोष आहे, एवढाच. सर्किटात सेन्सर येतो, त्याची वायर येते, कनेक्टर येतो, आणि ज्याची गती मोजायची ते दातेरी कडेही येते. सेन्सर आणि कडे यांच्यातील फट साधारण एक मिलिमीटरची. यावल-रावेरकडच्या केळीच्या बागांतून गाडी नेणाऱ्याच्या चाकात आपली काळी माती जाऊन बसते व वाळून घट्ट होते, ब्रेकचा लोखंडी कीस सेन्सरच्या टोकाला चिकटतो, चाकाबरोबर वळून वळून वायर आतून तुटते, आणि शेतघरात उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात. म्हणून चाक उचलून, धुऊन, वायर हाताने चाचपून पाहण्यापूर्वी नवा भाग मागविणे म्हणजे जबानी न घेताच शिक्षा फर्मावणे होय. जुन्या धाटणीच्या सेन्सरची तपासणी मल्टीमीटरवर होते, त्याचा रोध सामान्यतः हजार ओहमांच्या आसपास भरतो. नव्या सेन्सरला मात्र ही परीक्षा लागू नाही, त्याला चालत्या गाडीतच बोलते करावे लागते.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्याच गाडीचे पुढचे डावे चाक घुमू लागले, म्हणून एका गॅरेजात बेअरिंग बदलून घेतले आणि गाडी बाहेर काढताच दोन्ही दिवे पेटले. दुसऱ्या ठिकाणी पंपासकट एबीएसचे सगळे मॉड्यूल बदलण्याचा सल्ला मिळाला. खर्चाचा आकडा ऐकून मी तसाच परतलो. तिसऱ्या मिस्त्रीने स्कॅनर हातात धरून शेजारी बसून मला गाडी हळू चालवायला सांगितले. तीन चाके ताशी बावीस-तेवीस किलोमीटर दाखवीत होती, चौथे शून्य. सेन्सर बदलून पाहिला, तरी शून्यच.

"काका, या चाकाचं बेअरिंग एवढ्यात बदललं का?" त्याने विचारले.

अनेक नव्या गाड्यांत दातेरी कडे उरलेले नाही. बेअरिंगच्या एका तोंडाच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते आणि ते तोंड सेन्सरकडे यावे लागते. दोन्ही तोंडे वरवर सारखीच दिसतात. कोणी तरी ते उलटे ठोकले होते, आणि सेन्सर बिचारा कोऱ्या लोखंडाकडे पाहत बसला होता. दाबून बसविलेले बेअरिंग काढताना निकामी होते, म्हणून नवे आणले. बसविण्याआधी मिस्त्रीने एक बारीक टाचणी दोन्ही तोंडांजवळ नेऊन कोणत्या बाजूला ती ओढली जाते हे मला दाखविले. गॅरेजातून निघताना दिवे अजून पेटलेलेच होते, कारण चाक फिरल्याची खात्री पटल्यावाचून संगणक आपली फिर्याद मागे घेत नाही. फैजपूरच्या रस्त्याला लागून काटा वीसच्या पुढे सरकला, आणि दोन्ही दिवे एकामागून एक मालवले.