ओसरीवरचा उंडो
सोलापूर म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आमची सौ. मात्र मडगावची. १९८७ साली लग्न होऊन आली तेव्हा तिला चुकल्यासारखं झालं, ते समुद्रावाचून नव्हे. सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेरावाचून.

पाव हा शब्द पोर्तुगिजांचा. चावी आणि पगारही त्यांचेच. तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसानं हे ऋण मान्य केलेलं बरं! गोव्यात पावाचं पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे आंबलेली माडी, घालत. माडावर चढणारे रेंदेर कमी झाले आणि तिथंही यीस्ट आलं.

सोलापुरात सूर कुठली? सौ.नं मैदा पाण्यात कालवून चार दिवस आंबवला. एप्रिलच्या उन्हात तो फसफसून डब्याबाहेर आला. ज्वारीचं पीठही मिसळून पाहिलं. पण ज्वारीला चिकटपणा नाही, ती हवा धरत नाही. उंडो दगड झाला. मग निव्वळ मैद्याचे गोळे, नानकटाई भाजून आणतो त्या भट्टीवर.

आईचं दुखणं निराळं. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी ऐकत ती वाढलेली. उंडे ओसरीवरच उतरत, तिथंच संपत. पुढं दात गेले, भाकरी चावेना. एके दिवशी म्हणाली, "सूनबाई, त्याच्या आतलं मऊ तेवढं दे गं."

सौ.नं गर दुधात कुस्करून दिला. वरचं कडक कवच मला आलं. शेंगाच्या चटणीबरोबर ते फार छान लागतं.