समुद्राकाठची बदली

माझी आत्या लग्न होऊन बेळगावहून बडोद्याला गेली, त्याला आता चाळीस वर्षं होतील. घरात मराठी, बाजारात गुजराती. कन्नड बोलायला तिला तिथं कुणी नाही. गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेले होते. रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघींनी ‘किल्ला’ लावला. मध्येच ती पाणी पिऊन येते म्हणून आत गेली, ती बऱ्याच वेळानं आली. डोळे लाल.

तसं या सिनेमात रडारड फारशी नाही. वडील वारलेला अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे पुणं सोडून कोकणात समुद्राकाठच्या लहानशा गावात येतो. नवी शाळा, नवे दोस्त. सायकलींची शर्यत लावून पोरं किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो आणि चिन्मय तिथं एकटाच मागं राहतो. दोस्त निघून गेलेले. त्या ओल्या तटबंदीत सैरभैर फिरणाऱ्या पोराला पाहताना जिवाचं पाणी होतं. वडिलांनंतर हेही गेले, हे त्याला बोलून दाखवावं लागत नाही.

तिकडे आईचंही तेच. कचेरीत नवी, घरी एकटी. अमृता सुभाष यांनी ही अरुणा फार संयमानं केली आहे. मायलेक एका घरात राहतात, पण गेलेल्या माणसाचं दुःख ज्याचं त्यानं वेगळं सांभाळलेलं.

अविनाश अरुण यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट, कॅमेराही त्यांचाच. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळानं त्याला ‘क्रिस्टल बेअर’ दिलं. पुढं राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. बंड्या झालेला पार्थ भालेराव मात्र हसवून सोडतो, हेही सांगायला हवं.

कन्नड सिनेमे पाहणाऱ्या घरांना इथं गिरीश कासरवळ्ळींचा ‘गुलाबी टॉकीज’ (२००८) आठवेल. वैदेहींच्या कथेवरचा. तीच किनारपट्टी, जरा खाली दक्षिणेला. उमाश्रींची सुईण गुलाबी अशीच माणसांच्या गर्दीतून हळूहळू एकटी पडते. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहावेत.

सिनेमा संपल्यावर आत्या म्हणाली, “आमचे अप्पा गेले आणि वर्षाच्या आत आईची बदली कारवारच्या शाळेत झाली. मी आठ वर्षांची. कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. आई अप्पांचं नाव काढायची नाही, म्हणून मीही काढलं नाही.”

मला हे ठाऊकच नव्हतं. बाबांनी कारवारचं कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन लावला आणि आत्याच्या हातात दिला. दोघं बहीणभाऊ कन्नडमध्ये बोलत बसले, पाऊण तास. मला अर्धंमुर्धं कळलं. रात्री भरतीचा आवाज खोलीत यायचा आणि आई उठून खिडकी लावायची, एवढं नक्की कळलं.