घोडदळाचा मागोवा (११) : दोन युद्धांमधला सवार

गेल्या भागात आपण सप्टेंबर १९१८ मधल्या हैफाच्या चढाईपाशी थांबलो होतो. त्या मोहिमेतल्या जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांच्या लान्सर्सचं स्मारक, दिल्लीतली ‘तीन मूर्ती’, १९२२ साली उभं राहिलं. त्याच सुमारास हिंदुस्थानी घोडदळाच्या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित काळ सुरू झाला. पहिलं महायुद्ध संपल्यापासून दुसरं सुरू होईपर्यंतची ही वीसेक वर्षं. या काळात रिसाल्यात नोकरी केलेल्या साध्या सवाराच्या तोंडचं आपल्याकडे जवळजवळ काहीच उरलेलं नाही. त्याच्यामागची कारणं आज पाहू.

युद्धापूर्वी हिंदी सैन्यात घोडदळाच्या ३९ रेजिमेंट होत्या. १९२१-२२ मध्ये त्यांच्या २१ झाल्या. तीन रेजिमेंट तशाच ठेवून बाकीच्या ३६ दोन-दोन करून एकत्र केल्या. पेशव्यांशी झालेल्या तहानंतर १८१७ मध्ये उभी राहिलेली पूना हॉर्स ३३व्या लाइट कॅव्हलरीत मिळवली गेली आणि ‘१७वी पूना हॉर्स’ झाली. नाव पुण्याचं असलं तरी भरती होती ती राठोड राजपूत, जाट आणि कायमखानी मुसलमान यांची. विलीनीकरणात रेजिमेंटचं निशाण, मेसमधली चांदी, मानाची पदकं यांचे हिशेब नीट झाले. दोन वेगळ्या रेजिमेंटचे दफेदार एका रांगेत उभे राहिले तेव्हा त्यांना काय वाटलं, याची नोंद करणं कोणालाच आवश्यक वाटलं नाही.

याच वेळी आणखी एक गोष्ट संपली, आणि माझ्या मते ती विलीनीकरणाहून मोठी. ती म्हणजे शिलेदारी. मराठ्यांच्या फौजेत शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे आणि बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर बसे. हीच रीत थोडी बदलून इंग्रजांनी आपल्या बहुतेक रिसाल्यांत चालवली होती. भरती होणारा सवार रेजिमेंटकडे ठेव म्हणून रक्कम भरायचा. त्याचा घोडा, खोगीर, कपडे या हिशेबातून यायचे. रायफल तेवढी सरकारची. घोडा मेला तर नवा घेण्यासाठी पगारातून दरमहा कपात व्हायची. दोन सवारांमागे एक तट्टू आणि गवत आणणारा एक नोकर असायचा. नोकरी सोडताना ठेव परत मिळे. शेतकरी घरातल्या मुलाला ही नोकरी इभ्रतीची वाटायची, कारण तो आपल्या मालकीच्या घोड्यावर बसत होता. महायुद्धात फ्रान्समध्ये आणि मेसोपोटेमियात घोडे आणि माणसं इतकी पडली की ही व्यवस्था टिकेना. नव्या भरतीला घोडा आणायचा कुठून? युद्धानंतर शिलेदारी बंद झाली आणि घोडा सरकारी झाला.

सरकारी झाला तरी घोड्याची चाकरी सवारालाच होती. अगाडी-पिछाडी बांधलेल्या घोड्यांच्या लांबच लांब रांगा. त्यांत रोज प्रत्येक सवार आपल्या घोड्याला खरारा करतो, गवताच्या बोळ्याने आणि तळहाताने अंग चोळतो. खूर उचलून नाल तपासायचा, पाठीवर खोगिराचा घट्टा पडलाय का ते बोटांनी चाचपायचं, मग तोबऱ्यात चंदी. घोड्याने दाणा सोडला, तर सवाराला आपलं जेवण गोड लागत नसे. हे घोडे बहुतांशी ऑस्ट्रेलियातून जहाजाने आलेले ‘वेलर’ असत, किंवा पंजाबच्या कालव्यांवरच्या वसाहतींत, घोडी पाळण्याच्या अटीवर जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांकडून आलेले. ही सगळी विद्या हातातून हातात गेली. ती शिकवणाऱ्या दफेदारांनी पुस्तकं लिहिली नाहीत.

पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सवारांचा आवाज आपल्याला ऐकू येतो, तो सेन्सॉरमुळे. १९१५ अखेर हिंदी पायदळ फ्रान्समधून हललं, पण घोडदळ १९१८ च्या सुरुवातीपर्यंत तिथेच होतं. त्या सवारांची पत्रं सेन्सॉर वाचत होता आणि त्यांतले उतारे इंग्रजीत उतरवून वरिष्ठांना पाठवत होता. ते उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांचं पुस्तक केलं. युद्ध थांबलं, सेन्सॉर गेला. सवार घरी पत्रं पाठवत राहिला, पण त्यांची नक्कल आता कोणी करत नव्हतं. ती पत्रं गावातल्या पेटीत गेली आणि पुढे वाळवीच्या तोंडी.

मग त्या वर्षांचं काय उरलं? रेजिमेंटांचे छापील इतिहास आहेत. ते बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिले. त्यांत पोलोचे सामने आहेत, डुकराची शिकार आहे, अधिकाऱ्यांच्या बदल्या आहेत. सवार संख्येत येतो. ‘फौजी अखबार’ १९०९ पासून निघत होता. त्याचे जुने अंक चाळले तर बरंच हाती लागेल. आणि एक अपवादात्मक साधन आहे : जयपूरजवळच्या कनोता घराण्यातल्या अमर सिंहांची रोजनिशी. १८९८ पासून १९४२ पर्यंत, इंग्रजीत, ८९ खंड! जयपूर लान्सर्सचे हे अधिकारी जवळजवळ रोज लिहीत गेले. पण ते ठाकूर होते. त्यांच्या तुकडीतला सवार आपल्याला त्यांच्याच नजरेतून दिसतो.

याच वर्षांत आपल्या पुण्यात काय चाललं होतं, ते आठवावं. १९३० नंतरच्या चारेक वर्षांत रियासतकार सरदेसाई पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापत होते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या शिलेदाराच्या घोड्याची किंमत, त्याची थकलेली बाकी, त्याची तक्रार, सगळं उजेडात येत होतं. ते काम थोरच. पण शिलेदारीत नोकरी केलेली जिवंत माणसं तेव्हा छावण्यांत आणि गावांत होती, आणि त्यांच्यापाशी कागद-पेन्सिल घेऊन बसणारं कोणी निघालं नाही. राजकारणही आड आलं असणार. सरहद्दीवर वझिरीस्तानात लढणारा, देशातल्या शहरांत बंदोबस्ताला उभा राहणारा सवार स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या समाजाला आपला वाटणं अवघड होतं. हे समजण्यासारखं आहे. तरी तोटा झाला तो झालाच.

१९३८ मध्ये सिंद हॉर्स आणि १३व्या लान्सर्सचे घोडे काढून त्यांना गाड्या दिल्या गेल्या, आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्या रेजिमेंटही यांत्रिक झाल्या. १९४७ मध्ये उरलेल्या १८ पैकी १२ भारताकडे आणि ६ पाकिस्तानकडे गेल्या. जातवार-धर्मवार स्क्वॉड्रन असल्यामुळे एकेका रेजिमेंटची आठवणही दुभंगली.

काम अजून होऊ शकतं, याचा दाखला लाहोरचा आहे. पहिल्या महायुद्धात सहभागी झालेल्या पंजाबी शिपायांच्या गाववार नोंदवह्या तिथल्या संग्रहालयात जवळजवळ शतकभर पडून होत्या. २६,००० पानं, सुमारे ३,२०,००० नावं. अलीकडे त्या संगणकावर आल्या आणि ब्रिटनमधल्या पंजाबी कुटुंबांना आपले पणजोबा नावानिशी सापडू लागले. आपल्याजवळही साधनं आहेत. घोडदळाचा वारसा ज्याच्याकडे आला त्या चिलखती दलाचं अभिलेख कार्यालय अहमदनगरला आहे, आणि तिथलं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून लोकांना खुलं आहे.

म्हणून वाचकांना विनंती. ग्वाल्हेर, बडोदा, इंदूर या संस्थानांच्या रिसाल्यांत मराठी घराण्यांतली माणसं होती. तुमच्या घरात कोणी सवार, दफेदार, जमादार, रिसालदार, मोतद्दार किंवा नालबंद होऊन गेला असेल, तर त्याचं डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद लॅमिनेट न करता कोरड्या जागी ठेवा आणि त्यांचे स्वच्छ फोटो काढा. समूहछायाचित्रातली जेवढी माणसं घरातली वडीलधारी मंडळी ओळखतात, तेवढ्यांची नावं आत्ताच मागे मऊ पेन्सिलीने लिहा. कागद रोमन उर्दूत असेल तर निरुपयोगी म्हणून फेकू नका. सैन्यात तेव्हा तीच लिपी चालत होती. आणि त्याचा घोडा कोणत्या नावाचा होता, हे कोणाला ठाऊक असेल तर तेही लिहून ठेवा.