दिवाणखान्यातले कानसेन

घरी गाणं ऐकायला मोटारीच्या किमतीचे स्पीकर घेणारा माणूस दर्दी की वेडा, हा वाद चहाबरोबर चघळायला ठीक आहे. मला कुतूहल आहे ते त्याच्या कानांचं. त्याला खरोखर किती ऐकू येतं, आणि किती ऐकू आल्यासारखं वाटतं? या छंदाने दोन्ही बाजूंचे भक्कम पुरावे जमवून ठेवले आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातले दोन एकाच माणसाकडून आले.

पीटर वॉकर हे त्याचं नाव. इंग्लंडमधल्या हंटिंग्डन गावातली त्याची कंपनी पुढे ‘क्वाड’ म्हणून जगभर गाजली. 1957 साली त्याने बाजारात आणलेला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर पाहून कोणालाही खोली गरम करायचा हीटर आठवेल. बुटका, रुंद, किंचित बाकदार, पुढे धातूची जाळी. आत नेहमीचा कागदी शंकू नाही की लाकडी खोका नाही. केसाहून पातळ प्लॅस्टिकचा पडदा छिद्रं पाडलेल्या दोन तक्त्यांमध्ये ताणून बसवलेला. पडद्यावर काही हजार व्होल्टचा भार असतो, आणि तक्त्यांना मिळणारा गाण्याचा विद्युतदाब त्याला पुढेमागे खेचतो. पडद्याला वजन जवळजवळ नाहीच, त्यामुळे स्वर उमटला की तो लगेच हलतो आणि स्वर थांबला की थांबतो. खोकाच नसल्याने खोक्याचं घुमणंही गाण्यात मिसळत नाही. तानपुऱ्याची जवारी अशा स्पीकरवर उलगडते तशी कितीतरी महागड्या पेट्यांतूनही उलगडत नाही. डग्ग्याचा घुमारा मात्र अपुरा पडतो. आणि हौसेने आवाज वाढवला की आत ठिणगी उडून पडदा जळायची भीती! एकदा दुरुस्तीचा खर्च अंगावर आला की शौकीन आपोआप बेतात ऐकायला शिकतो. हे मॉडेल 1985 पर्यंत बनत राहिलं आणि आजही जुने नग शोधून, पडदे बदलून वापरणारे लोक आहेत. इथे कानांना ऐकू येणारा फरक खरा आहे. त्यासाठी कोणाच्या श्रद्धेची गरज नाही.

याच क्वाडच्या पुढाकाराने 1978 साली एक चाचणी झाली. कंपनीचा जुना, व्हॉल्व्हचा ‘क्वाड टू’ आणि ट्रान्झिस्टरचे दोन नवे ॲम्प्लिफायर जाणकार श्रोत्यांना ऐकवले, कोणता वाजतोय हे न सांगता. व्हॉल्व्हचा ‘ऊबदार’ आणि ट्रान्झिस्टरचा ‘रुक्ष’ आवाज यावर तेव्हा हिरिरीने वाद व्हायचे. निकालात मात्र कोणाला काही ओळखता आलं असं आकडे म्हणेनात. व्हॉल्व्हवाल्यांनी चाचणीलाच नावं ठेवली, हे ओघाने आलंच.

आवाज पारखण्याचा बीबीसीचा मार्ग आणखी साधा होता. बाह्यप्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये मावेल असा स्पीकर त्यांना हवा होता, म्हणून 1970च्या दशकात त्यांच्या अभियंत्यांनी ‘एलएस थ्री फाइव्ह ए’ बनवला. जेमतेम फूटभर उंचीची ही पेटी. बीबीसीच्या परंपरेत स्पीकरची परीक्षा माणसाच्या बोलण्यावर व्हायची, कारण ओळखीच्या आवाजातली खोट कोणालाही चटकन कळते. ख्याल ऐकणाऱ्याला हा छोटा स्पीकर इतका का भावतो, याचं उत्तर मला यातच दिसतं. आपल्याकडे गळाच मुख्य.

पुढे या छंदाची बाजारपेठ फोफावली. ग्लासगोच्या लिन कंपनीने टर्नटेबललाच सगळ्यात मोठा मान दिला. 1982 साली सीडी आली आणि रेकॉर्डवाले व सीडीवाले असे दोन तट पडले. मग केबलची पाळी. लाखाचे बारा हजार कसे करावेत, हे या केबलवाल्यांकडून शिकावं. जपानमध्ये तर काहींनी वीज ‘शुद्ध’ मिळावी म्हणून घरापुढे स्वतःचा स्वतंत्र खांब रोवून घेतला.

सगळ्यात बोलका प्रसंग 2022च्या जुलैतला. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या रेकॉर्डसाठी प्रसिद्ध. त्यांच्या सर्वांत उंची मालिकेतली एकेक प्रत तेव्हा सव्वाशे डॉलरची. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या चाळीस हजार प्रती काढायचं जाहीर झालं तेव्हा एका दुकानदाराला शंका आली. इतक्या प्रती काढायच्या तर मूळ टेप पुन्हापुन्हा वाजवावी लागणार, आणि ती अमूल्य टेप तसं कोण करू देईल? चौकशीअंती बाहेर आलं की कंपनी गेली कित्येक वर्षं मधल्या टप्प्यावर डिजिटल नक्कल वापरत होती. डिजिटलचा स्पर्श सुईआधी कानाला कळतो अशा शपथा घेणारे या काळात याच रेकॉर्डची तारीफ करत होते. कोर्टकचेरी झाली, ग्राहकांना भरपाई मिळाली. मला तर यात डिजिटलचाच गौरव दिसतो.

आपल्याकडे या छंदाच्या दोन जाती आहेत. मुंबईत 1990 साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. त्या पंथातल्या लोकांना खरखर चालते, गाणं दुर्मीळ हवं. यंत्रवाल्यांना खरखर सोसत नाही आणि गाणं बऱ्याचदा यंत्राची परीक्षा घेण्यापुरतंच लागतं. माझा कल पहिल्यांकडे आहे, हे लपवत नाही. तरीही पुण्याच्या केडन्स कंपनीने इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्याला खालच्या स्वरांसाठी शंकूची जोड देऊन स्पीकर बनवले, तेही व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसकट, याचं अप्रूप वाटतं. वॉकरच्या स्पीकरचं नेमकं दुखणं त्यांनी हेरलं होतं.

असा स्पीकर घेणाऱ्याने आधी आपली खोली पाहावी. फरशी उघडी, भिंती कोऱ्या, खिडकीला काच, अशा हॉलमध्ये टाळी वाजवली की ती खणखणत परत येते. तीच खणखण प्रत्येक तानेत मिसळते, मग केबल चांदीची असो. जाड सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं कपाट आणि भिंतीपासून दोन फूट पुढे ओढलेले स्पीकर, एवढ्याने जे साधतं ते बहुतेक महागड्या बदलांनी साधत नाही. मुंबईत अडचण त्या दोन फुटांचीच आहे. तेवढ्यातच सोफा बसतो, आणि त्याला हलवायला घरात कोणीही तयार नसतं.