सेकंडहँड गाडी, भाग ६ : ऑटोमॅटिकचं ऑइल तासांनी म्हातारं होतं

मागच्या भागात आपण टायर, सस्पेन्शन आणि गाडीखालचा गंज पाहिला. आज गिअरबॉक्स, आणि तोही फक्त ऑटोमॅटिक. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात वापरलेल्या ऑटोमॅटिक गाड्या आता बऱ्याच दिसतात. त्यांच्या नंबरप्लेटा पाहा : एमएच-०२, एमएच-०४, एमएच-४७. आयुष्याची पहिली सात-आठ वर्षं अंधेरी-बोरिवलीच्या सिग्नलांवर काढून या गाड्या विरारच्या पुढे आलेल्या असतात. विकणारा सांगतो, ‘साहेब, फक्त साठ हजार चाललीय, घर ते ऑफिस.’ घेणाऱ्याला ते पटतं आणि व्यवहार ठरतो. माझ्या मते ऑटोमॅटिक गाडीच्या बाबतीत हेच वाक्य कान टवकारून ऐकायला हवं.

तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्सला असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. रिॲक्टरवर ढवळणी फिरवणारा गिअरबॉक्स एक इंचही पुढे सरकत नाही. त्याच्या ऑइलचा हिशेब रनिंग अवर्सवर असतो. किती तास चालला, किती तापला, मागचं ऑइल कधी बदललं, हे लॉगबुकात पाहायचं आणि पुढच्या शटडाउनला काम धरायचं. इथे ही शिस्त जुनी आहे. १९६९ मध्ये तारापूर अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिटं सुरू झाली, तेव्हापासून या भागात घरटी कोणी ना कोणी फिटर, ऑपरेटर नाहीतर मेंटेनन्सवाला आहे. पण हाच माणूस शिफ्ट संपवून स्वतःच्या गाडीत बसला की त्याला फक्त किलोमीटर दिसतात.

आकडेमोड साधी आहे. साठ हजार किलोमीटर मुंबईच्या गर्दीत ताशी २० च्या सरासरीने झाले असतील, तर गिअरबॉक्स ३,००० तास फिरला. तेवढंच अंतर हायवेवर ताशी ६० ने कापलं, तर १,००० तास. मीटर दोन्ही गाड्यांत सारखंच दाखवणार, पण एकीच्या ऑइलने तिप्पट आयुष्य भोगलेलं असतं. आणि ते तासही कष्टाचे असतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे जाते ती ऑइलमधून. एक पंखा ऑइल ढकलतो, त्या लोटाने समोरचा पंखा फिरतो. गाडी रांगत असते तेव्हा दोघांच्या वेगात फरक राहतो आणि त्या फरकाची उष्णता होते. गाडीने एकसारखा वेग धरला की आतला लॉक-अप क्लच दोघांना जोडून टाकतो आणि ऑइलला उसंत मिळते. पश्चिम द्रुतगती मार्गावर संध्याकाळी सातला ही उसंत कुठून मिळणार?

आपल्याकडे आल्यावरही गाडी सुटत नाही. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा घाटात भरलेल्या ट्रकमागे चढायचं, किंवा बोईसरहून चिल्हार फाट्याकडे टँकरांच्या रांगेत सरकायचं, म्हणजे पुन्हा तेच रांगणं. घाटात चढ चढताना गाडी सारखी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वर-खाली करू लागली, तर लिव्हर खाली घेऊन तिला एका गिअरमध्ये धरून ठेवा. प्रत्येक बदलात क्लचप्लेटा थोड्या घासतात आणि तापतात. रसायनाच्या कारखान्यातला ठोकताळा इथेही लागू पडतो : तापमान १० अंशांनी वाढलं की ऑइल ऑक्सिडाइझ होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

या ऑइलला कामं तरी किती! इंजिन ऑइल मुख्यतः वंगण आणि थंडावा देतं. गिअरबॉक्सचं ऑइल तेवढं करून वर हायड्रॉलिक दाब देतं, टॉर्क पोहोचवतं, आणि क्लचप्लेटांवरच्या कागदी अस्तराने किती घसरायचं आणि कुठे पकडायचं तेही ठरवतं. वंगणच हवं, पण नेमक्या क्षणी पकडही हवी, अशी ही परस्परविरोधी मागणी आहे. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइलमध्ये जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक गिअरबॉक्स आणला. त्यानंतरची कित्येक वर्षं अमेरिकेत या ऑइलचा घर्षणगुण साधण्यासाठी त्यात स्पर्म व्हेलचं तेल घालत. १९७० च्या दशकात व्हेलच्या तेलावर बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना पर्यायी संयुगं शोधावी लागली. आजच्या डब्यातली किंमत मुख्यतः या संयुगांची असते, आणि उष्णतेने आधी तीच संपतात. म्हणून ऑइल दिसायला बरं असलं तरी गाडी झटके देऊ शकते.

आता तुमच्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे ते आधी पक्कं करा. लहान गाड्यांमधल्या बऱ्याच ‘ऑटोमॅटिक’ खरं तर एएमटी असतात. २०१४ मध्ये सेलेरिओपासून मारुतीने हा प्रकार आपल्याकडे रुळवला. त्यात आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लच आणि गिअर टाकायचं काम फक्त यंत्र करतं. त्याला साधं गिअर ऑइल लागतं, त्यामुळे आजचा भाग त्या गाड्यांसाठी नाही. ड्युअल क्लचचं प्रकरणही वेगळं आहे, ते पुढे कधीतरी. इथे आपण टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी या दोघांबद्दल बोलतो आहोत.

या दोघांत गल्लत करणं महागात पडतं. होंडा सिटी घ्या. २०१३ पर्यंतच्या पिढीत पाच गिअरांचा ऑटोमॅटिक होता, त्याला डीडब्ल्यू-१ ऑइल. जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या पिढीत सीव्हीटी, त्याला एचसीएफ-२. २०१४ ला पासिंग झालेली सिटी या दोन्हींपैकी कोणतीही असू शकते. सीव्हीटीमध्ये स्टीलचा पट्टा दोन पुल्यांमध्ये दाबून धरलेला असतो. चुकीच्या ऑइलवर तो घसरला, तर पुल्यांवर चरे पडतात आणि मग ऑइल बदलून काही उपयोग नाही. तेव्हा आरसी बुकातल्या वर्षावर विसंबू नका. मालकाच्या हँडबुकात ऑइलचं नाव छापलेलं असतं, बऱ्याच जुन्या गाड्यांत डिपस्टिकवरही असतं. तेच नाव डब्यावर वाचल्याशिवाय झाकण उघडू देऊ नका. ‘सगळ्याला चालतं’ म्हणून मिळणारं ऑइल मी तरी सीव्हीटीत घालणार नाही. रंगावरूनही काही ठरत नाही, कारण रंग बाहेरून घातलेला असतो.

काही हँडबुकांत ऑइल बदलण्याचा आकडाच नसतो. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगतात, ‘लाइफटाइम आहे.’ कोणाचा लाइफटाइम, हे विचारायला हवं. झेडएफ ही जर्मन कंपनी अनेक नामांकित गाड्यांना गिअरबॉक्स पुरवते. ती स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं, यांत आधी येईल तेव्हा ऑइल बदला असं सांगते. बनवणाराच असं म्हणत असेल, तर मुंबईच्या गर्दीत आणि आपल्या उन्हात चाललेल्या गाडीला मी साठ हजारांच्या पुढे थांबवणार नाही. आधीच्या मालकाकडे ऑइल बदलल्याची पावती नसेल, तर ते बदललेलंच नाही असं धरून चाला.

आता मुख्य भीती. बोईसरच्या कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं : ‘जुन्या गाडीचं गिअर ऑइल बदलू नका, बदललं की गिअरबॉक्स बसतो.’ हे ऐकून लोक दुखणं अंगावर काढतात. असे गिअरबॉक्स खरंच बसलेले असतात, पण कारण बहुधा वेगळं असतं. बहुतेक मालक ऑइलचा विचार करतात ते गाडी घसरायला लागल्यावर. तोवर प्लेटांचं अस्तर झिजून गेलेलं असतं. नवं ऑइल अस्तर परत आणत नाही. गाडी महिनाभराने बंद पडते आणि खापर ऑइलवर फुटतं. दुसरं कारण मशीनने फ्लश करण्याचं. दाबाने ऑइल आत ढकललं की वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमध्ये जाऊन अडकतो. सोलेनॉइडची जाळी केवढीशी असते! एक लाखाच्या पुढे गेलेल्या, ऑइलचा इतिहास माहीत नसलेल्या गाडीला मशीन लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून आधी गाडी पारखा. सकाळी थंड इंजिन चालू करा, ब्रेकवर पाय ठेवून ‘पी’ वरून ‘आर’, मग ‘डी’. गिअर पकडायला दोन सेकंदांहून जास्त लागले तर शंका घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये इंजिन उगाच रेस होतंय का? एकसारख्या वेगात, साधारण ५० ते ७० च्या दरम्यान, खडबडीत पट्टीवरून गेल्यासारखी थरथर येते का? फक्त थरथर असेल, तर नव्या ऑइलने ती अनेकदा जाते. पण गाडी सरळ घसरत असेल आणि ऑइलला जळका वास असेल, तर ऑइलवर पैसे घालू नका. आधी गिअरबॉक्सच्या जाणकाराला स्कॅनर लावून पाहू द्या.

गाडी ठीक असेल तर उपाय साधा आहे : बोल्ट उघडा, जेवढं निघेल तेवढं काढा, तेवढंच नवं भरा. अडचण एवढीच की टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल आतच राहतं. समजा एकूण ६ लिटर आहे आणि बोल्टमधून अडीच लिटर निघतं. पहिल्या वेळी नवं ऑइल ४२ टक्के झालं. हजारभर किलोमीटर चालवून पुन्हा तेच केलं की ६६ टक्के, तिसऱ्या वेळी ८० टक्के. साडेसात लिटर ऑइल लागतं, पण बदल हळूहळू होतो आणि आतला गाळ एकदम हलत नाही. हे तीन हप्ते मला मशीनच्या अर्ध्या तासापेक्षा कितीतरी बरे वाटतात. ज्या गाडीला चेंबर आणि आत फिल्टर आहे, तिथे पहिल्याच वेळी चेंबर उतरवून फिल्टर बदला.

काम चालू असताना तिथे उभे राहा. खालचा बोल्ट उघडायच्या आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतोय याची खात्री करायला सांगा. खालून ऑइल काढून टाकलं आणि वरचा बोल्ट जाम, म्हणजे गाडी जागेवरून हलणार नाही. होंडाच्या अनेक गाड्यांत खालच्या बोल्टला चौकोनी खाच असते, त्यात ३ सुताच्या रॅचेटचं टोक थेट बसतं. ते पूर्ण आत गेल्याशिवाय जोर लावला तर खाच गोल होते. बोल्टच्या आतल्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी, मऊ, बोटाला काजळासारखा लागणारा थर असेल तर काळजी नको, ती नेहमीची झीज आहे. पण चिमटीत टोचणारी चकचकीत किस किंवा तुकडा निघाला, तर काम तिथेच थांबवून गिअरबॉक्स उघडण्याचा विचार करा. चुंबक पुसून घ्यायचा, वॉशर नवा टाकायचा. निघालेलं ऑइल खुणा केलेल्या डब्यात मोजायचं, अंदाजाने नाही.

पातळी पाहण्याची रीत गाडीगणिक बदलते. डिपस्टिक असलेल्या होंडात इंजिन तापवून, बंद करून, ६० ते ९० सेकंदांत काठी पाहायची असते. बाकीच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून. टोयोटाच्या अनेक गाड्यांत काठीच नाही. ऑइलचं तापमान साधारण ३५ ते ४५ अंशांत असताना तपासणीच्या छिद्रातून जादा ऑइल ओघळू द्यायचं, धार बारीक झाली की बोल्ट लावायचा. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीचं ऑइल इंजिन चालू करायच्या आधीच या आकड्याच्या आसपास असतं. जास्त तापलेलं ऑइल फुगलेलं असतं, प्रमाणाबाहेर ओघळतं आणि थंड झाल्यावर कमी भरतं. म्हणून हे काम सकाळी, सावलीत, स्कॅनरवर तापमान पाहत.

आणि एक खास पाहायची गोष्ट. निघालेलं ऑइल घोलवडच्या चिकूच्या मिल्कशेकसारखं दिसलं, तर आत पाणी गेलंय. काही गाड्यांत ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटात असते, ती आतून फुटली की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं. दुसरी वाट पावसाळ्याची. तापलेला गिअरबॉक्स तुंबलेल्या पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. पाण्याने क्लचप्लेटांवरच्या अस्तराचा गोंद सुटतो. वेळेत पकडलं तर वाचतं, चार दिवस तशीच चालवली तर नाही. जुलैत गाडी पाहायला जाल, तेव्हा हे आधी पाहा.

शेवटी निघालेल्या ऑइलचं काय? जळकं ऑइल सेंटरिंगच्या फळ्यांना लावतात, कुडाच्या लाकडांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, उरलेलं गटारात जातं. कायद्याने हा घातक कचरा आहे. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होतं. इथली गटारं शेवटी नवापूर, दांडी, मुरबेच्या खाड्यांकडेच जातात, आणि तिथल्या मच्छीमारांनी कारखान्यांच्या पाण्याविरुद्ध हरित लवादापर्यंत लढा दिला आहे. त्या पाण्यात आपल्या गाडीचे अडीच लिटर तरी जाऊ नयेत. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यांतच जुनं भरा, झाकण लावा, आणि जुनं ऑइल जमा करून अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे सोपवा. गॅरेजवाल्याला आधीच विचारा, तो कुठे देतो.

काम झालं की तारीख, मीटर, ऑइलचं नाव आणि किती लिटर भरलं, हे एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा. पुढच्या भागात रेडिएटर, कूलंट आणि पंखा.