रात्री भिजवलं की दिवस ठरला

पहाटे 5. ड्रमवरचं झाकण काढलं की आधी वास येतो, लसणीच्या जवळचा, कडवट. रात्री 10 किलो निंबोळीचा चुरा 18 लिटर पाण्यात भिजत घातला होता, आता पाणी गढूळ, दुधाळ झालंय. जून-जुलैत गोळा करून, गर धुऊन सावलीत वाळवलेल्या या निंबोळ्या. उन्हात वाळवल्या की कस जातो, हे सासूबाईंना माझ्या बी.एस्सी.च्या आधीपासून ठाऊक.

6 वाजता गाळणी. जुन्या धोतराच्या फडक्यात चुरा घेऊन दोघांनी दोन टोकांनी पिळायचा. पहिला पिळा झाला म्हणून चोथा फेकायचा नाही. निंबोळीतलं मुख्य द्रव्य अझाडिरेक्टिन. लिटरभर पाण्यात ते जेमतेम पाव ग्रॅम विरघळतं, मग एका दमात सगळं कसं उतरणार? चोथा पुन्हा पाण्यात घोळायचा, पुन्हा पिळायचा, असं दोन-तीनदा. पोरं कंटाळतात इथे.

8 ते 11 डवरणी आणि स्वयंपाक. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दुपारी 12. ऊन तापलंय, म्हणून फवारणी नाही. जेवताना नणंदेचा मुलगा विचारतो, कारखानेवाले हा अर्क पाण्यातच का नाही काढत? तो यवतमाळला कॉलेजात शिकतो. सांगते त्याला: प्रयोगशाळेत आधी हेक्झेनने तेल वेगळं करतात, मग मिथेनॉलने अझाडिरेक्टिन ओढून घेतात. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, हेक्झेनची वाफ रोज हुंगली तर नसा. म्हणून जगभर सौम्य द्रावकांचा शोध चालू आहे: इथेनॉल, दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड. इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू अ‍ॅबट यांच्या गटाने 2003 मध्ये दाखवलं, की कोलीन क्लोराइडच्या एका रेणूला युरियाचे दोन या हिशेबाने दोन्ही घन पदार्थ मिसळले, तर साध्या तापमानाला त्यांचा द्रव होतो, द्रावक म्हणून वापरता येणारा. युरिया म्हटल्यावर पोरगा कोपऱ्यातल्या गोणीकडे बघून हसला.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. कारखान्याला तगडा द्रावक लागतो, कारण त्याची बाटली महिनोन्‌महिने दुकानात टिकली पाहिजे. आमचा अर्क रात्री भिजतो आणि दुसऱ्या संध्याकाळी पऱ्हाटीवर पडतो. टिकवायचंच नसेल तर पाणी पुरतं. अडचण एकच, पाण्याच्या घड्याळाप्रमाणे माणसाला चालावं लागतं.

3 वाजता वावरात फेरी. पानं उलटून तुडतुडे मोजायचे. पानामागे सरासरी दोन पिल्लं दिसली की फवारायचं, त्याआधी नाही. आज दोनाच्या वर आहेत. बोंडअळी आत शिरली असती तर या अर्काचा भरवसा धरला नसता. हा अर्क कीड जागच्या जागी मारत नाही. तिचं खाणं बंद करतो, कात टाकणं बिघडवतो. चार-पाच दिवस थांबायची ज्याची तयारी नाही, त्याने याच्या नादी लागू नये.

साडेचार. 400 ग्रॅम साबणाचा चुरा 2 लिटर पाण्यात विरघळवून अर्कात ओतला. साबण अगदी शेवटी, कारण अल्कधर्मी पाण्यात अझाडिरेक्टिन टिकत नाही. सगळं मिळून 200 लिटर, एका एकराला 5 टक्के. उन्हातही ते विघटित होतं, म्हणून संध्याकाळची वेळ.

मालक पंप पाठीला लावतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला फडकं, वाऱ्याच्या दिशेनेच फवारणं. निंबोळीच आहे म्हणून सूट नाही. 2017 च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या वर माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. त्यानंतर आमच्या घरी पंपाचं नोझल कोणी तोंडाने फुंकत नाही.

साडेसहाला धुऱ्यावरून शेजारचे भाऊजी हाक मारतात, "काय मारून रायल्या वहिनी? वास तर भारीच हाय!"

"निंबोळी. पाहिजे का?"

"द्या ना उरली तर. उद्या-परवा मारतो."

"उरली तरी परवापर्यंत कस राहत नाही. चुरा नेजा, आज रात्रीच भिजवा. आणि साबण आताच टाकू नका."