अर्ध्या तिकिटात घाट, तळे आणि पायवाट

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि अजून ती मागणीच आहे. मुंबई-नागपूर गाड्या जिल्ह्याच्या उत्तर भागातून, मलकापूर, नांदुरा, शेगाव करत खालच्या सपाटीवरून निघून जातात. घाटावर राहणाऱ्याला कुठेही जायचे तर एस.टी. दवाखाना, बाजार, कॉलेज, निकाह, मय्यत, सारे तिच्या वेळापत्रकावर. मात्र याच लाल गाडीत बसून एखाद्या थांब्यावर उतरावे, दोन-तीन तास पायी हिंडावे आणि दुसऱ्या गाडीने घरी यावे, हे आपल्या घरांत फारसे कुणाच्या मनात येत नाही. फिरणे म्हणजे जीप ठरवणे, किंवा मग उरूस.

१७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एस.टी.चे अर्धे तिकीट झाले. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना त्याआधीच, ऑगस्ट २०२२ पासून, प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे. पाच वर्षांखालचे मूल फुकट, बाराखालचे अर्धे. एका घरातली नानी, अम्मी, दोन मुली आणि एक धाकटा असे निघाले तर पूर्ण तिकीट कुणाचेच लागत नाही! आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी हा हिशेब आमच्याआधी केला. सवलतीचा पहिला उपयोग माहेरी जाण्यासाठी झाला, दुसरा दवाखान्यासाठी. पायी फिरण्याचा क्रमांक नंतर लागला आणि तिथून आम्ही त्यांच्याबरोबर झालो. आम्ही म्हणजे दोन शिक्षक-कुटुंबे आणि शेजारच्या काही माय-लेकी.

घरातल्या मोठ्यांचा प्रश्न नेहमी एकच असतो. डोंगर किती उंच, ऊन किती, जनावर आहे का, हे कुणी विचारत नाही. "वापसी की आखरी गाडी कब है?" एवढेच विचारतात. आम्हांला हा प्रश्न पूर्ण रास्त वाटतो. म्हणून आधी परतीची गाडी ठरवतो, मग जाण्याची, आणि उरलेल्या वेळात मावेल तेवढेच चालतो.

आता थोडा भूगोल सांगू. शिक्षकाला तेवढी मुभा असावी. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे. शहरातून मलकापूरकडे निघालेली गाडी राजूर घाटात शिरते आणि वळणे घेत मोताळ्याच्या सपाटीवर उतरते. ही घाटाची कड म्हणजे पाण्याची वाटणी आहे. कडेच्या उत्तरेला पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्यांनी पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि तापीतून अरबी समुद्रात जातो. दक्षिणेला पडलेला पैनगंगेत, तिथून वर्धा आणि प्राणहितेच्या वाटेने गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. एकाच ढगाचे पाणी दोन समुद्रांत! वर्गात नकाशावर हे शिकवताना मुले माना डोलावतात. घाटाच्या कडेला उभे करून दोन्हीकडे बोट दाखवले तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "मग मधोमध पडलेला थेंब?" त्यावर बराच वेळ वाद चालला.

राजूर घाट पायी उतरावा असे आम्ही सांगणार नाही. रस्ता अरुंद, ट्रकची वर्दळ मोठी, आणि दुकट्याने रेंगाळण्याजोगी ती जागा नाही. तो खिडकीतून पाहावा. पावसाळ्यात तर जरूर. चालण्यासाठी त्यापेक्षा मढ बरे. बुलढाण्याच्या पश्चिमेला डोंगरावरच्या या गावाजवळ पैनगंगा उगम पावते. बुधनेश्वराचे देवस्थान आहे, त्यामुळे आवाराचा अदब राखावा, डबे बाहेर झाडाखाली उघडावेत. पुढे विदर्भ-मराठवाड्याची हद्द आखत जाणारी एवढी मोठी नदी इथे एका ढांगेत ओलांडता येते, याचे मुलांना फार अप्रूप. परतल्यावर कधी चिखली रस्त्याने जाल तर येळगावचे धरण दाखवा. तीच नदी, आणि बुलढाण्याच्या नळाला येते ते तिचेच पाणी.

आमची सगळ्यांत आवडती वाट मात्र रोहिणखेडची. मोताळा तालुक्यातले हे गाव घाटाच्या अगदी पायथ्याशी आहे. गावातून दक्षिणेकडे पाहिले की घाटाची कड भिंतीसारखी उभी दिसते. खानदेशातून दख्खनच्या पठारावर चढणाऱ्या फौजांची ही जुनी वाट. म्हणून लढायाही इथेच झाल्या. पहिली १४३७ ची. खानदेशच्या नसीरखान फारुकीची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदच्या घरी दिलेली. नवरा दुसऱ्या राणीच्या नादी लागला, माझी किंमत राहिली नाही, अशी तिने बापाकडे तक्रार केली, आणि बापाने वऱ्हाडावर स्वारी केली. बहमनी सेनापती खलफ हसन बसरीने त्याला रोहिणखेडजवळ हरवले आणि खानदेशापर्यंत पिटाळले. फिरिश्त्याच्या तवारीखेत हा किस्सा आहे. शाळेच्या पुस्तकात आम्ही तो कधी पाहिला नाही. चालताना सांगितला तर सोबतच्या बायका सनावळी विसरून त्या मुलीचे पुढे काय झाले हेच विचारत राहिल्या.

दुसरी लढाई सोळाव्या शतकाच्या अखेरची. अहमदनगरच्या गादीवर अल्पवयीन इस्माईलला बसवून कारभार जमालखान पाहत होता. इस्माईलचा बाप बुऱ्हाण आपला हक्क सांगत खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन आला. जमालखान रोहिणखेडला पडला आणि मुलाच्या जागी बाप तख्तावर बसला. हा जमालखान महदवी पंथाचा, म्हणजे जौनपूरच्या सय्यद मुहम्मदांचा अनुयायी. गावातली जुनी दगडी मशीदही एका महदवी सरदाराची, खुदावंदखानाची. ती १५८२ ची. आदल्याच वर्षी त्याने साखरखेर्ड्याला एक मशीद बांधली होती. दोन्ही लहान आहेत. चारशेहून अधिक वर्षांच्या भिंतीला हात लावायला मिळतो तेव्हा तिच्यावर नाव कोरू नये, एवढे मुलांना गाडीतच बजावून ठेवावे. साखरखेर्ड्याला पुढे ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजामुल्मुल्कने मुबारिझखानाला हरवले. हैदराबादच्या आसफजाही राज्याची सुरुवात या लढाईपासून धरतात. विजयानंतर गावाचे नाव फतेहखेर्डा केले गेले, पण लोकांच्या तोंडी साखरच टिकली.

रोहिणखेडहून डोंगराकडे जाणाऱ्या पायवाटा शेतांच्या बांधांवरून जातात. कोणती धरायची ते गुराख्याला विचारावे आणि पिकात पाय घालू नये. चढाच्या निम्म्यावर जाऊन परतले तरी पुरे. खालची मोताळ्याची सपाटी तिथूनही दिसते.

बुलढाण्याहून बोथामार्गे खामगावला जाणारी गाडी ज्ञानगंगा अभयारण्यातून जाते. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे हे जंगल १९९७ मध्ये अभयारण्य झाले. इथे बिबटे आहेत, अस्वले आहेत. मध्येच उतरून पायी शिरणे बेकायदा आहे आणि अस्वलाशी गाठ पडली तर महागातही पडेल. आत जायचे तर वन विभागाच्या परवानगीने आणि त्यांच्या वाहनातून. पण खिडकीची जागा मिळाली तर साध्या तिकिटात जंगल बघायला मिळते. डिसेंबर २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ तेलंगणाचा काही भाग तुडवत १३०० किलोमीटरहून अधिक चालून याच जंगलात पोचला होता. त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यामुळे हा सगळा प्रवास कळला. त्याला शेवटच्या गाडीची काळजी नव्हती!

लोणारला मात्र पूर्ण दिवस द्यावा. मेहकरहून गाड्या मिळतात. लोणारच्या स्थानकावरून धारेपर्यंत सहज चालत जाता येते. बेसाल्ट खडकात उल्का आदळून पडलेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्याचे वय पूर्वी ५२ हजार वर्षे मानत, नंतरच्या मोजणीत ते साडेपाच लाखांच्या पुढे गेले. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तो 'शोधला' असे पुस्तकांत छापतात. प्रत्यक्षात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त त्याआधी सव्वादोनशे वर्षे या खाऱ्या पाण्याची आणि इथल्या काच-साबणाच्या कच्च्या मालाची नोंद केली होती. काठावरची देवळे तर त्याहूनही जुनी. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा लोकांनी नाही नाही ते तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याचे कारण. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

विवराच्या कडेने चालले की एका बाजूला शेते आणि दुसऱ्या बाजूला झाडीने भरलेला उतार लागतो. मोरांचा आवाज खालून येतो. तळाशी उतरण्याआधी वन विभागाच्या चौकीवर विचारावे. पाण्याची पातळी चढली की खालची वाट बंद असते. तळ्याचे पाणी तीव्र क्षारयुक्त आहे, त्याने वुजू करू नये. वुजूचे पाणी बाटलीत वेगळे आणावे. मलकापूर-नांदुऱ्याहून लोणारला येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की हनफी मसलकानुसार सुमारे ७७ किलोमीटरच्या पुढे जाणारा प्रवासी मुसाफिर ठरतो, म्हणजे चार रकातींची फर्ज नमाज दोन. शहराची हद्द कुठे संपते वगैरे बारकावे आपल्या मौलानांना आधी विचारून घ्यावेत. कुरआनात जमिनीवर फिरून पाहण्याचा हुकूम एकाहून अधिक ठिकाणी आला आहे आणि फिरणाऱ्याला सवलतीही दिल्या आहेत.

ज्यांचे गुडघे धरतात त्यांच्यासाठी सिंदखेडराजा. लखुजी जाधवांचा राजवाडा, जिथे १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म झाला, त्यांची भव्य समाधी, मोती तलाव, चांदणी तलाव, सगळे सपाटीवर. समाधीची घडण पाहताना दख्खनच्या मकबऱ्यांची आठवण येते, हे एका आजींनी आमच्याआधी ओळखले.

कपड्यांचे विचाराल तर सपाट तळव्याची चप्पल घरी ठेवून बूट घालावेत. अबाया घोट्याच्या किंचित वर असावा, नाहीतर बोरी-बाभळींच्या काट्यांत अडकतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा उत्तम काळ. हल्ली रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो, त्यामुळे थंडीतच उरकून घ्यावे. डब्यात ज्वारीची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी. ती सांडत नाही आणि आंबतही नाही. जलद गाडी लहान थांब्यावर थांबत नाही, म्हणून साध्या गाडीत बसावे आणि उतरण्याचे ठिकाण वाहकाला चढतानाच सांगावे.

आता गाड्यांविषयी. २०२१-२२ च्या संपात काही महिने एस.टी. जवळजवळ ठप्प होती. डोंगर होते तिथेच होते, पण आम्हांला त्यांच्यापर्यंत जाता आले नाही. आणि खेड्यांतल्या मुलींना शाळेपर्यंत. त्यांना बारावीपर्यंत मोफत पास आहे, पण गाडीच नसेल तर पास दप्तरात राहतो. संप मिटला तरी आडगावांच्या काही फेऱ्या पूर्ववत व्हायला वेळ लागला. फेरी टिकते ती भारमानावर. दुपारची गाडी रिकामी धावली की ती आधी बंद होते, आणि पायी फिरणाऱ्यांना नेमकी तीच हवी असते. सवलतीच्या तिकिटाची उरलेली रक्कम शासन महामंडळाला देते, त्यामुळे अर्ध्या तिकिटाचा प्रवासीही यंत्रात प्रवासी म्हणूनच मोजला जातो.

जिल्ह्यात सात आगार आहेत: बुलढाणा, चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद. आपल्या गावाची दुपारची फेरी बंद असेल तर आगारप्रमुखांच्या नावे साधा अर्ज करता येतो. गावाचे नाव, हवी असलेली वेळ, रोज जाणाऱ्या मुलींची संख्या आणि खाली सह्या. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी असा एक अर्ज मराठीत लिहून घेतला आहे. पहिली सही नानींची आहे, उर्दूत.